ॲमरिलिसच्या पांढऱ्या फुलांचं गणित जुळत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. साडेतीन वर्षांपूर्वी गच्चीवरच्या लाल ॲमरिलिसवर (म्हणजे खरं तर हिप्पिॲस्ट्रम) पांढऱ्याचे पराग लावले. पुंकेसर आधीच काढले होते. यंदा 23 रोपं फुलली. इतकी वाट पाहिल्यावर पहिली कळी उमलली तेव्हा डोळे भरून आले!

19 रंगीत, 4 पांढरी. रंगीतांतही काही गडद लाल, काही अगदी फिक्या गुलाबी.

लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. पांढरा रंग एकाच अप्रभावी जनुकाचा धरला, तर साध्या द्विगुणित (प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असलेल्या) झाडात निम्मी रोपं पांढरी यायला हवी होती, नाहीतर एकही नाही. पण बाजारातले बरेचसे मोठ्या फुलांचे डच संकर चतुर्गुणित (दोनऐवजी चार प्रतींचे) असतात, 22 ऐवजी 44 गुणसूत्रांचे. लाल झाडात चारपैकी दोन प्रती रंगाच्या जनुकाच्या असतील तर रंगीत आणि पांढऱ्या रोपांचं प्रमाण 5:1 येतं. माझे आकडे त्याच्याच जवळ आहेत. फिका गुलाबी म्हणजे एकच प्रत, असं समजू का?

गुणसूत्रं घरी मोजता येणार नाहीत. पानाची साल सोलून पर्णरंध्रांचा आकार पाहिला तर चतुर्गुणित ओळखता येईल का? तुलनेला खात्रीचं द्विगुणित झाड कुणाकडे आहे? एक पान पाठवलंत तरी चालेल.