मदत हवी आहे: पोराने फ्रिजवर २००० लिहून ठेवलंय

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये रनिंग बॅक आहे, म्हणजे बॉल छातीशी धरून समोरच्या धिप्पाड पोरांत घुसायचं, हिचा जीव टांगणीला. त्याचा देव एड्रियन पीटरसन, एनएफएल या इथल्या प्रो लीगमध्ये खेळलेला रनिंग बॅक. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर २०१२ च्या सीझनला गडी बॉल घेऊन २०९७ यार्ड पळाला, एरिक डिकरसनच्या १९८४ च्या २१०५ च्या एका सीझनच्या रेकॉर्डला फक्त ८ कमी, आणि पुढच्या सीझनला म्हणे २५०० करणार! झाले १२६६. आता आमच्या साहेबांनी यंदाच्या यार्डांचं टार्गेट म्हणून स्केचपेनने "२०००" लिहून फ्रिजवर चिकटवलंय. मागच्या वर्षी ६४० होते हो!! मी नुसतं १००० म्हटलं तर दोन दिवस अबोला. कोणाची मुलं खेळतात का इकडे? कोचशी बोलू की गप्प बसू?