पहिला तारा कोणी पाहिला? मग एवढ्या ठामपणे कसे सांगता?

डिचोलीकर:
रविवारी साखळीत एक व्याख्यान ऐकले. वक्ते म्हणाले, विश्वातले पहिले तारे सूर्याच्या शेकडो पट वजनाचे होते आणि गोव्याच्या खाणींतले सगळे लोखंड त्यांनीच घडवले. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. आजवर एकाही दुर्बिणीने असा एक सुटा तारा खात्रीने पाहिलेला नाही. जे आहे ते संगणकावरचे गणित. मग 'असे झाले' का म्हणता, 'असे झाले असावे' म्हणा ना! आमच्याकडे कौल लावताना देवाला चिकटवलेले फूल पडेपर्यंत गुरवसुद्धा थांबतो. ही मंडळी त्याआधीच निकाल सांगून मोकळी.

फोंड्याची टीचर:
'गणित' हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात, म्हणून लिहिते.

महास्फोटानंतर साधारण ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व निवळले. तेव्हा हायड्रोजन, हेलियम आणि नावापुरते लिथियम एवढेच शिल्लक होते. कार्बन नाही, धूळ नाही. हे महत्त्वाचे का, ते काजूच्या भट्टीवर कळते. वाफेतली उष्णता काढून घेतल्याशिवाय थेंब पडत नाही, म्हणून तर भांड्यावर गार पाणी ओततात. वायूचा ढगही उष्णता बाहेर टाकल्याशिवाय आकसत नाही. आजच्या ढगांत ते काम धूळ आणि कार्बनसारखी मूलद्रव्ये करतात, ढग उणे २६३ अंशांपर्यंत थंड होतो आणि त्याचे बारीक तुकडे पडतात. तेव्हा गार करायला होता फक्त हायड्रोजनचा रेणू, आणि तो या कामात अगदीच कच्चा. उणे ७० अंशांच्या आसपास गाडी अडली. एवढ्या ऊबदार वायूला स्वतःच्या वजनाने कोसळायचे तर गोळा मोठाच लागतो. म्हणून तारेही मोठे. इतके भौतिकशास्त्र आपण प्रयोगशाळेत तपासलेले आहे, डिचोलीकर. हे आकाशातून पडलेले नाही.

बार्जवाला:
ताऱ्यांचे टीचरचे बरोबर असेल, पण व्याख्यानातले लोखंडाचे वाक्य साफ चूक. मी बावीस वर्षे मांडवीतून खनिज वाहिले, लोखंडाबद्दल कोणी काही बोलले की कान टवकारतात माझे.

सूर्य आणि पृथ्वी ४६० कोटी वर्षांपूर्वीची, विश्व १३८० कोटींचे. म्हणजे मध्ये ९०० कोटींहून जास्त वर्षे गेली, ताऱ्यांच्या कितीतरी पिढ्या जन्मल्या आणि मेल्या. आपल्या लोखंडाचा मोठा वाटा, निम्मा तरी, श्वेतबटूंच्या, म्हणजे सूर्यासारखे तारे विझल्यावर उरणाऱ्या गाभ्यांच्या, स्फोटांतून आला. ते फार नंतरचे प्रकरण. पहिल्या पिढीचा वाटा असेल तर जेवणातल्या मिठाएवढा. शिवाय सगळे राक्षस फुटतातच असे नाही. सूर्याच्या साधारण १४० ते २६० पट वजनाचा तारा फुटून पूर्ण विखुरतो, मागे काही उरत नाही. त्याहून जड असेल तर थेट कृष्णविवर, लोखंड पोटातच! दक्षिण आकाशात एक फार जुना, पहिल्यांच्या राखेतून जन्मलेला तारा २०१४ मध्ये जाहीर झाला. त्यात लोखंड सूर्यातल्या लोखंडाच्या एक कोटीव्या भागाइतकेही सापडले नाही. आता सांगा, पहिल्यांनी एवढे कुठे वाटले?

डिचोलीकर:
बार्जवाले बाब, देव बरे करो. टीचर, तुमच्या गणितानेच मत बदलले की नाही? आधी एका ढगात एकच महाकाय तारा म्हणत. मग जास्त बारकाईने मांडल्यावर ताऱ्याभोवती फिरणारी वायूची चकती फुटते, तीन-चार भावंडे होतात आणि कोणी दहा-वीस सूर्यांचेच भरते असे निघाले. म्हणजे 'शेकडो पट' हा आकडाच हलतो आहे.

फोंड्याची टीचर:
आकडा हलतो, हे मान्य. दिशा हलत नाही. सूर्याच्या ०.८ पटीपेक्षा हलके कोणी जन्मले असते तर ते आजही जळत असते. जड मूलद्रव्ये अजिबात नसलेला तसा एकही तारा आपल्या आकाशगंगेत सापडलेला नाही.

आणि 'पाहिले नाही' म्हणजे काय हो? महास्फोटानंतर जेमतेम २९ कोटी वर्षांतल्या एका आकाशगंगेत ऑक्सिजन मिळाला आहे. महास्फोटात ऑक्सिजन बनत नाही. पंगत आपण पाहिली नाही, पण उष्ट्या पत्रावळी समोर पडल्यात. जेवले कोण, एवढाच प्रश्न.

डिचोलीकर:
पत्रावळीवरून जेवणारा किती जाडा होता ते कळत नाही, टीचर.

काणकोणची:
😄 दोघांनाही चालेल अशी एक गोष्ट. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अँटेनावाल्यांनी जाहीर केले की महास्फोटानंतर १८ कोटी वर्षांच्या सुमाराला पहिल्या ताऱ्यांच्या उजेडाचा हायड्रोजनवर उमटलेला ठसा रेडिओ लहरींत ७८ मेगाहर्ट्झला मिळाला. आपल्या एफएमच्या जरासा खाली! ठसा अपेक्षेपेक्षा दुप्पट खोल. जगभर गाजले. मग बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने सारस नावाची अँटेना तराफ्यावर ठेवून कर्नाटकात पाण्यावर सोडली, शरावतीच्या बॅकवॉटरमध्येसुद्धा. कारण अँटेनाखालची जमीन थराथरांची असते, ती मोजमाप बिघडवते, पाणी मात्र एकसारखे. २०२२ मध्ये निकाल आला: तसा ठसा आम्हाला दिसत नाही. काणकोणहून कारवार ओलांडले की शरावती फार लांब नाही, आणि आमच्यातल्या कोणाला पत्ता नव्हता.

डिचोलीकर:
बघा! जाहीर केलेलेसुद्धा टिकले नाही.

फोंड्याची टीचर:
ठशाचा दावा डळमळला, तारे नाहीत. आणि डळमळवला कोणी? मोजणाऱ्यांनीच. फूल पडेपर्यंत थांबणारे तेच तर आहेत.

बार्जवाला:
माझ्या लोखंडाबद्दल कोणीच बोलत नाही. त्या वक्त्यांचे पुढच्या रविवारी वाळपईला आहे म्हणे. मी हात वर करून विचारणार.

डिचोलीकर:
मी येतो. होंड्यावरून जाणार असाल तर मला वाटेत घ्या.