आईची हजेरी

घरच्या ग्रुपवरचं हे रविवार रात्रीचं बोलणं मी उतरवून ठेवलंय. मी नगरला आईजवळ असते, दादा-वहिनी नाशिकला, त्यांचा मुलगा पुण्याला शिकतो, धाकटा भाऊ मस्कतला. आत्या दौंडजवळच्या केडगावला.

मी: आज आईला अंघोळ घालत होते. तिनं विचारलं, "बाई, तुम्ही कुठून येता? तुमच्या घरचे वाट बघत असतील ना?" तांब्या हातातच राहिला माझ्या. संध्याकाळी पाच वाजले की ती पिशवी भरते आणि दाराशी उभी राहते, "मला घरी जायचंय" म्हणून. याच घरात चाळीस वर्षं काढलीत तिनं. तीन वर्षं मी करतेय, पण आज पहिल्यांदा वाटलं की मी कुणाच्याच लक्षात नाही. आईच्या नाही, तुमच्या नाही. उपासनेला जाऊन पाच महिने झाले. देवालाही माझा विसर पडला असेल.

दादा: अगं असं म्हणू नको. प्रभू सगळं बघतोय. भरवसा ठेव.

मी: दादा, भरवसा नसता तर मी इथं टिकलेच नसते. पण तू एवढंच लिहून थांबतोस ना, तेव्हा जास्त एकटं वाटतं.

वहिनी: ताई, खरं सांगू का? मागच्या वेळी आईंनी यांना दूधवाला समजून दाराबाहेर थांबवलं. परतीच्या एसटीत हे एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून नगरचा विषय काढला की गप्प होतात. तुम्हाला विसरले नाहीत हो, घाबरलेत.

धाकटा: डॉक्टर म्हणाले होते, या विसरण्याच्या आजारात नवीन आधी जातं, जुनं बराच काळ राहतं. तिला शाळा आठवते अजून?

मी: तेच तर. रात्री झोपण्याआधी हजेरी घेते. चौथीचा वर्ग, पन्नास वर्षांपूर्वीचा. एकेक नाव बरोबर, आडनावासकट. त्या पोरांची नावं आहेत तिच्याजवळ, माझं नाही.

आत्या: पोरी, मघापासून वाचतेय. चष्मा लावून हळूहळू लिहिते, वाट बघ.
बायबलात यशयाचा ४९ वा अध्याय काढ. आपण सगळे १५ वं वचन पाठ म्हणतो, आई आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल काय. १४ वं कुणी म्हणत नाही. तिथं सियोन, म्हणजे यरुशलेम नगरी, म्हणते, परमेश्वरानं मला सोडलं, प्रभू मला विसरला. म्हणजे तू आज जे लिहिलंस तेच. देव तिला रागावला नाही, गप्प बस म्हणाला नाही. तिचं गाऱ्हाणं वचनात आहे तसंच राहिलं.
आणि १५ व्याचा पुढचा भाग बघ. आई कधीच विसरत नाही असं देव म्हणतच नाही. म्हणतो, त्यांना विसर पडेलही, पण मी तुला विसरणार नाही. माझी वहिनी, म्हणजे तुझी आई, अशी झाल्यापासून मला ते वचन वेगळं दिसायला लागलंय. आधी वाटायचं, आईचं उदाहरण नुसतं तुलनेला घेतलंय. पण ज्या घरात आई खरंच विसरते, त्या घराचाही विचार त्यात आधीच केलेला आहे. तुझी आई विसरेल हे त्याला ठाऊक होतं गं.
मग तळहाताचं. मी तुला माझ्या तळहातावर कोरून ठेवलंय, आणि लगेच, तुझे कोट, म्हणजे तटाच्या भिंती, सतत माझ्यासमोर आहेत. कुठले कोट? यरुशलेमेचे तर पडले होते, लोक बाबेलात धरून नेलेले. तरी ते पडके कोट त्याच्या डोळ्यांपुढे आहेत. वहिनीचं डोकं तसंच झालंय आता. भिंती पडल्यात, पण त्याच्यासमोरून हललेल्या नाहीत.

भाचा: आत्याआजी, एक विचारू? देव काहीच विसरत नाही ना? मग शास्त्रात 'देवाने नोहाची आठवण केली' असं का लिहिलंय? आठवण करायला आधी विसरावं लागतं ना?

आत्या: चांगलं विचारलंस. तिथं आठवण करणं म्हणजे नुसतं मनात येणं नाही, उठून कामाला लागणं. नोहाची आठवण केली, की त्याच ओळीत वारा सोडला आणि पुराचं पाणी ओसरायला लागलं. मिसरात, म्हणजे इजिप्तात, इस्राएल लोक कण्हत होते, देवानं अब्राहामाशी केलेला करार आठवला आणि पुढच्याच अध्यायात मोशेला बोलावलं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बापाचं नाव जखऱ्या. त्या नावाचा अर्थच परमेश्वर आठवण करतो.
योसेफाचं बघ. सतराव्या वर्षी भावांनी विकला. तुरुंगात राजाच्या प्यालेबरदाराला, म्हणजे त्याला प्याला देणाऱ्या चाकराला, म्हणाला, सुटलास की माझी आठवण ठेव. तो सुटला आणि विसरला. पुढं दोन वर्षं. तिसाव्या वर्षी योसेफ फारोपुढं, म्हणजे मिसरच्या राजापुढं, उभा राहिला. ती दोन वर्षं कशी गेली यावर शास्त्रात एक ओळसुद्धा नाही. मी म्हातारी झाले तरी त्या रिकाम्या जागेशी थांबते.
इथं केडगावात पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्याशिवाय दिवस जात नाही. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी पोरीबाळींना घेऊन आल्या. भूक काय असते ते त्यांना आठवत होतं.

मी: आत्या, १४ वं वचन मी कधी नीट वाचलंच नव्हतं. आत्ता काढून वाचलं. रडू आलं, पण दुपारचं ते रडू नव्हे.

धाकटा: मी रोज आपल्या रात्री नऊला फोन करेन. तू जेवायला बस, मी आईशी बोलतो. तिनं ओळखलं नाही तरी चालेल.

दादा: बुधवारी सकाळच्या एसटीनं निघतो. चार दिवस राहीन. पुढच्या रविवारी तू उपासनेला जा, मी आईजवळ बसतो. परत दूधवाला म्हणाली तर म्हणू दे, दूध तापवून देईन.

वहिनी: शेंगदाण्याची चटणी आणि आईंची मऊ चादर पाठवते यांच्याबरोबर.

आत्या: आमेन. पोरी, पाठ टेक आता.

मी: थांबा जरा. आईची हजेरी सुरू झाली. दादा, फोन लावते, स्पीकरवर ठेवते. तुझं नाव घेणार नाही ती. कुणाच्याही नावाला म्हण, हजर बाई.