मुलगी फास्ट टाकते, सर म्हणतात स्पिन कर. काय करावं? (इंदूर)

रामबागची_आई
नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मुलीला चौदा पूर्ण झाली, नववीत आहे. दोन वर्षांपूर्वी दादाच्या मागे मागे चिमणबागेत जायला लागली आणि आता आठवड्यातले पाच दिवस ॲकॅडमीत असते. उजव्या हाताने फास्ट टाकते. २०२५च्या महिला वर्ल्ड कपला होळकर स्टेडियमवर भारत-इंग्लंड मॅच होती, १९ ऑक्टोबरला, तेव्हा आम्ही दोघी गेलो होतो. आपण ४ धावांनी हरलो. लोक गप्प चालत होते आणि ही मात्र घरापर्यंत आपली फास्ट बोलर क्रांती गौड कशी पळत येते, हात कुठून येतो, तेच सांगत होती.

आता सर म्हणतात, उंची ५ फूट २ इंच आहे, फास्टमध्ये काही होणार नाही, स्पिनर करा. तेव्हापासून ही धड जेवत नाही. रविवारी घरीही दादाच्या बॉलने तास-दीड तास टाकते. पंधरा दिवस झाले, कमरेत डावीकडे दुखतं म्हणते. मी रात्री बाम चोळून देते. सरांचं ऐकावं का? आणि मुलीचं यात पुढे पोट भरेल का? आमच्या घरात याआधी कोणी खेळलेलं नाही, म्हणून विचारते.

सुदामानगर_६२
वहिनी, सर बरोबर सांगतायत. फास्ट बोलरचं शरीर लवकर थकतं. दीप्ती शर्मा बघा, ऑफस्पिन टाकूनच वर्ल्ड कपची मालिकावीर झाली. शिवाय अभ्यासही नीट होतो.

जुनी_सीम
ताई, स्पिन की फास्ट ते नंतर बोलू. आज संध्याकाळपासून तिची बोलिंग बंद करा. बाम नको, मालिश नको. या आठवड्यातच खेळाडू बघणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि एमआरआय हवा का, हे तुम्ही स्वतःहून विचारा. उजव्या हाताने टाकणाऱ्या मुलीला कमरेत डावीकडे दुखतं म्हणजे मणक्याच्या हाडावर ताण आलेला असू शकतो. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीला ते साध्या एक्सरेत बहुतेक दिसतच नाही.

मला सतराव्या वर्षी हेच झालं. डावीकडेच. निवड चाचणीला अकरा दिवस उरले होते आणि मी आईलासुद्धा सांगितलं नाही. गोळी घेऊन टाकत राहिले. एक्सरे काढला तर "सगळं ठीक आहे", म्हणून आणखी तीन आठवडे टाकलं. मग एका सकाळी वाकून बुटाची नाडी बांधता येईना. आठ महिने गेले. परत आले, मध्य प्रदेशकडून दोन सीझन खेळलेही, पण पुढचा पाय आपटताना मनात जी भीती बसली ती काही गेली नाही. चोविसाव्या वर्षी थांबले. त्या अकरा दिवसांत मला कोणी घरी बसवलं असतं, तर कदाचित अजून खेळत असते. म्हणून तुमचं वाचल्यावर लगेच लिहायला बसले.

दुसरं, दादाचा बॉल. पुरुषांचा बॉल साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, बायकांचा १४० ते १५१ ग्रॅमचा, आणि घेरानेही लहान. तिचा हात अजून वाढतोय. जड बॉलने तास-दीड तास टाकत राहिलं की बोटांची पकड बिघडते आणि सगळा जोर खांद्या-कमरेतून काढायची सवय लागते. तिचा वेगळा बॉल आणा. तो घेतानाही वजन करून घ्या, दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

आता उंची. महिला क्रिकेटमध्ये ताशी १३२.१ किमी वेगाने चेंडू टाकणारी दक्षिण आफ्रिकेची शबनिम इस्माईल काही उंच बाई नाही. डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे महिला प्रीमियर लीगमध्ये, मार्च २०२४ला टाकला तो. आपल्या फास्ट बोलर झूलन गोस्वामी उंच होत्या, त्यांना उसळी मिळायची, हे खरंच. पण भारताचीच फास्ट बोलर रेणुका सिंग काय करते ते मुलीला दाखवा. २०२२च्या कॉमनवेल्थला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १८ धावांत ४ विकेट घेतल्या, त्या आत येणाऱ्या चेंडूवर. डिसेंबर २०२४ला वडोदऱ्याला वेस्ट इंडीजच्या पाच जणी काढल्या २९ धावांत. सीम (बॉलची शिवण) सरळ, मनगट बॉलच्या मागे, लेंग्थ पुढे, म्हणजे टप्पा बॅटरच्या जवळ. त्याला उंची लागत नाही, हजारो वेळा तेच करायचा धीर लागतो. चौदाव्या वर्षी ही मुलगी काय होणार ते कोणालाही सांगता येत नाही, सरांनाही नाही. तिला मनापासून पळत येऊन टाकायचं असेल तर तिच्याकडून ते काढून घेऊ नका.

पैशाचं विचारलंत ते बरं केलंत, घरात हा विषय कोणी काढत नाही. २०२२पासून भारताच्या पुरुष आणि महिला संघांची मॅच फी सारखी आहे: टेस्टला १५ लाख, वन-डेला ६, टी-ट्वेंटीला ३. पण तिथे पोचतात किती? डब्ल्यूपीएलचे पाच संघ, प्रत्येकात जास्तीत जास्त १८ जणी, त्यात सहा परदेशी. म्हणजे देशभरातल्या साठेक मुली, आणि त्यात बॅटर, कीपर, स्पिनर सगळ्याच आल्या. बाकीच्यांना राज्याची मॅच फी आणि मिळालीच तर नोकरी. रेल्वेने कितीतरी जणींना नोकरी दिली आहे. भारताकडून खेळलेली शिखा पांडे इंजिनिअर, हवाई दलात अधिकारी झाली. म्हणून दहावी-बारावी सोडू देऊ नका, माझं पोट आज माझ्या पदवीवर चालतं.

आणि वाट आपल्याच राज्यात आहे. क्रांती छतरपूर जिल्ह्यातल्या घुवाऱ्याची, भारताकडून खेळलेली पूजा वस्त्राकर शहडोलची. एमपीसीएचे (मध्य प्रदेश क्रिकेट असोसिएशनचे) दहा विभाग आहेत, त्यांच्या आपसातल्या स्पर्धांतून राज्याचा संघ निघतो. डब्ल्यूपीएलच्या यूपी वॉरियर्झ संघाने क्रांतीला १० लाखांत घेतलं आणि २०२५च्या जुलैत इंग्लंडमध्ये तिने ५२ धावांत ६ विकेट घेतल्या. आता मुलींची अंडर-१५ स्पर्धाही आहे, आमच्या वेळी नव्हती. पण घाई नको. बरी झाली की एक वही करा: रोज किती चेंडू टाकले, कुठे दुखलं, किती झोपली. ॲकॅडमीतले, घरचे, मॅचचे, सगळे धरून. इंग्लंडच्या बोर्डाने या वयाच्या फास्ट बोलरना एका स्पेलला (सलग टाकायच्या) ६ आणि दिवसाला १२ ओव्हरची मर्यादा घातली होती. तुमच्या मुलीचे रविवारचे चेंडू एकदा मोजून बघा.

फिजिओ_ग्वाल्हेर
जुनी_सीम यांच्याशी पूर्ण सहमत. एकच जोडते, बाप्यांना विचारायला अवघड जातं म्हणून. पाळी नियमित येते का? वाढत्या वयात भरपूर पळायचं आणि जेवण कमी, असं झालं की पाळी लांबते किंवा थांबते आणि हाडं कमजोर होतात. ती धड जेवत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते मला कमरेइतकंच महत्त्वाचं वाटतं. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, रक्तातलं लोह आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या.

रामबागची_आई
एमआरआय झाला. हाडाला आतून सूज आहे, चीर पडलेली नाही. डॉक्टरांनी बारा आठवडे बोलिंग बंद सांगितली. पाळी तीन महिने आली नव्हती, मला माहीतच नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाली, "खेळायला सोयीचंच पडतं ना आई." मी रडले, मग तीही.

सरांना भेटून आलो, बरी झाल्यावर ती फास्टच टाकेल असं सांगितलं. ते म्हणाले, बघू. दादाचा बॉल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, १६० ग्रॅम भरला. सासऱ्यांनी काल स्वतः जाऊन तिचा नवा आणला, १४६. तो तिच्या टेबलावर वहीशेजारी आहे. वहीत तारीख घालून तिने पहिल्या ओळीत लिहिलंय: चेंडू ०, दूध २ कप.