पैसा असला की निवडणूक खिशात?

अप्पा, "पैसेवाला उभा राहिला की निवडणूक खिशात" हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं. कॅलिफोर्नियाचे मायकेल हफिंग्टन बघा. वडिलांची तेल-वायूची कंपनी, इंडोनेशियात मोठे वायुसाठे. १९९० मध्ये कंपनी विकली, १९९२ ला अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात निवडून आले. तिथवर तुमचं बरोबर. पण १९९४ ला सिनेटसाठी (म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहासाठी) घरचे जवळपास २ कोटी ८० लाख डॉलर ओतले आणि तेव्हाच्या सिनेटर डायन फाइनस्टाइन यांच्याकडून दोनेक टक्क्यांनी हरले! बेकायदा स्थलांतरितांविरुद्ध बोलत होते. ऐन मतदानाच्या तोंडावर कळलं, मुलं सांभाळायला ठेवलेली घरची आयाच बेकायदा स्थलांतरित. झालं. (आमच्या जळगावात असलं काही निघालं असतं तर चहाच्या टपरीवर महिनाभर दुसरा विषय नसता.) पुढे चित्रपटनिर्मितीकडे वळले. गंमत म्हणजे आज ते आडनाव लोकांना आठवतं ते घटस्फोटित पत्नी एरियाना यांनी काढलेल्या 'हफिंग्टन पोस्ट' या वृत्तसंकेतस्थळामुळे.