रोबोटेक: शेजारच्या वाड्यातली मुलगी आपल्या रेशनकार्डावर?

तिरकी रेघ:
१९८२ची मूळ जपानी कार्टून मालिका 'मॅक्रॉस' परवा बघून संपवली. ३६ भाग, सबटायटल्ससह. आजवर मला ठाऊक होती ती १९८५ची अमेरिकन 'रोबोटेक'. आता डोकं तापलंय म्हणून धागा काढतोय.

अमेरिकन निर्माता कार्ल मेसेक आणि हार्मनी गोल्ड या कंपनीने 'मॅक्रॉस', 'सदर्न क्रॉस' आणि 'मोस्पेडा' या तीन जपानी मालिका उचलल्या. एकीचं दुसरीशी काही देणंघेणं नाही. त्या एकाच कथेच्या तीन पिढ्या म्हणून ८५ भागांत खपवल्या. 'सदर्न क्रॉस'ची नायिका तर पृथ्वीवर राहतही नाही, वेगळ्याच ग्रहावरची. रोबोटेकमध्ये तिची डेना झाली आणि 'मॅक्रॉस'मधल्या मॅक्स-मिरिया या जोडप्याची लेक ठरली. शेजारच्या वाड्यातली मुलगी आपल्या रेशनकार्डावर चढवावी तसं.

आणि प्रोटोकल्चर? मुळात ते एका लोप पावलेल्या प्राचीन संस्कृतीचं नाव. 'मॅक्रॉस'मधले परग्रही शत्रू, झेंट्राडी योद्धे, तिनेच घडवलेले, लढण्यापलीकडे काही न शिकवलेले. म्हणून तर गायिका मिनमेचं गाणं ऐकून ते गांगरतात. मेसेकने त्याचं इंधन करून टाकलं. इंधन! तिन्ही गोष्टींत सगळे कशाच्या तरी मागे धावायला हवेत ना.

गिअरबॉक्स:
असहमत. जरा हिशेब करा. त्या काळी अमेरिकेत गावोगावच्या टीव्ही स्टेशनांना कार्टून विकायचं तर सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग लागायचा. १३ आठवडे, म्हणजे ६५ भाग. मॅक्रॉसचे ३६ घेऊन गेलं तर कुणी दारात उभं केलं नसतं. शिवणकाम हौस म्हणून झालेलं नाही. बाय द वे, 'रोबोटेक' हे नावसुद्धा रेव्हेल कंपनीच्या खेळण्यातल्या मॉडेल किट्सवरून आलंय. कलेच्या गप्पा मारताना हेही लक्षात असू द्या.

ओसरी:
मेसेकच्या आधीचे काय करत होते ते बघा. 'गॅचामान' या जपानी मालिकेचं १९७८ साली 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' केलं, मारामाऱ्या कापल्या आणि भगदाडं बुजवायला सेव्हन-झार्क-सेव्हन नावाचा बडबड्या रोबो घुसवला.

मेसेकने 'मॅक्रॉस'मधला वैमानिक रॉय फॉकर मारू दिला. भाग १८. जखमी रॉय प्रेयसी क्लॉडियाकडे येतो, ती अननसाचं सॅलड करतेय, तो गिटार छेडत बसतो आणि तसाच कोसळतो. पाठ रक्ताने भिजलेली. अमेरिकेत पोरांच्या वेळेला हे दाखवणं म्हणजे खायचं काम नव्हतं.

आणि रूपांतराचा एवढा विटाळ आपल्याला कधीपासून? 'ती फुलराणी'त शॉचं लंडन शोधत बसतो का आपण?

चहाबिस्किट:
'स्टार ब्लेझर्स' विसरलात! तिच्या मूळ जपानी 'यामातो'मधले डॉक्टर साके पिऊन झुलत असतात, अमेरिकेत गेल्यावर बाटलीत झऱ्याचं पाणी. झुलणं मात्र तेच. कसलं पाणी होतं देव जाणे.

तिरकी रेघ:
@ओसरी, पुलंनी 'पिग्मेलियन'ला आणखी दोन नाटकं जोडून मंजुळेला भलत्याच आईबापांची केली नव्हती. उदाहरण तिथेच फसतं.

शिवाय मिनमेच्या तोंडची गाणीच बदलली. मूळ मालिकेत तिचा आवाज आणि गाणी दोन्ही मारी इजिमाची. ज्या कथेत युद्ध गाण्यावर फिरतं तिथे गाणं बदलणं म्हणजे नुसतं डबिंग नव्हे.

आणि हक्कांचं त्रांगडं? रोबोटेकवाल्यांच्या हक्कांमुळे पुढच्या मॅक्रॉस मालिका जपानबाहेर वर्षानुवर्षं अडकल्या. हार्मनी गोल्ड आणि 'मॅक्रॉस'ची जपानी हक्कधारक कंपनी बिगवेस्ट यांचा समेट थेट २०२१ मध्ये.

गिअरबॉक्स:
ते भांडण वकिलांचं. त्याचं बिल संकलनाच्या टेबलावर का फाडता?

तिरकी रेघ:
बरं, रॉयचं मान्य. डेनाचं अजिबात नाही.

चहाबिस्किट:
'मोस्पेडा'ला कुणी विचारतच नाही! त्यातला यलो, म्हणजे रोबोटेकचा लान्सर, बाईच्या वेशात गाणारा लढवय्या. १९८५च्या अमेरिकेत तो शाबूत कसा राहिला? इतकं कापलं-शिवलं, पण त्याच्या साडेतीन हात वेण्या... वेण्या नव्हत्या, मोकळे केस होते. असो, त्याला कुणी कात्री लावली नाही.

ओसरी:
त्यावर वेगळा धागा काढ. इथे हे दोघं अजून डेनाच्या आईबापांवरच अडलेत.