प्रति: एफटी८साठी जीपीएसडीओ हवाच का?
एफटी८ या हौशी रेडिओवरच्या डिजिटल संदेशपद्धतीपुरतं विचाराल तर जीपीएसडीओ, म्हणजे जीपीएसच्या आधारे फ्रिक्वेन्सी अचूक ठेवणारा ऑसिलेटर, नको. ०.५ पीपीएमचा (दहा लाखांत अर्धा भाग चुकणारा) टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल ऑसिलेटर, १४ मेगाहर्ट्झवर फार तर ७ हर्ट्झ इकडेतिकडे होतो, डीकोडर ते सहज सांभाळतो. त्यापेक्षा संगणकाचं घड्याळ सेकंदाच्या आत जुळवा. ते काम इंटरनेटवरून फुकटात होतं.

खरी गरज क्यूओ-१०० हा हौशी रेडिओचा उपग्रह ऐकताना लागते. या उपग्रहाची डाउनलिंक (खाली येणारा सिग्नल) १०४८९ मेगाहर्ट्झच्या पुढे आहे. साध्या एलएनबीतल्या (डिशवरच्या रिसीव्हरच्या डबीतल्या) २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी ३९० पट होऊन सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा ९७५० मेगाहर्ट्झचा लोकल ऑसिलेटर बनतो. म्हणजे क्रिस्टल १०० हर्ट्झ सरकला की सिग्नल थेट ३९ किलोहर्ट्झ सरकतो! गच्चीवरच्या डिशवर ऊन आलं, ढग गेला, वारा सुटला की एसएसबीवरचा (या पद्धतीने आवाज पाठवणारा) माणूस बोलता बोलता चिरका किंवा घोगरा होतो. उपग्रहाच्या बीकनवर (खुणेच्या स्थिर सिग्नलवर) लॉक करणारं सॉफ्टवेअर बरंच सावरून घेतं, पण मला मुळातच स्थिर असलेलं आवडतं. तिथे क्रिस्टल काढून जीपीएसडीओचे २५ मेगाहर्ट्झ द्या, पैसे सार्थकी लागतील.

फक्त जीपीएसची ॲन्टेना खिडकीत ठेवू नका, मोकळं आकाश दिसेल अशीच लावा. आणि चालू केल्यावर जीपीएसडीओतला ओसीएक्सओ (तापवून स्थिर ठेवलेला क्रिस्टल ऑसिलेटर) नीट तापेपर्यंत थांबा, मगच मोजमाप करा.